कोरी माशाची अंडी फुटतात पण पिल्लं आठवडाभरात जातात, कुठं चुकतंय?

थर्डशिफ्ट_सातपूर

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

घर नाशिकच्या सिडकोत, टाकी २ बाय १ बाय १ फुटाची, म्हणजे ५०-५५ लिटर धरा. त्यात ६ कोरी (कोरिडोरस, तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे; ४ ब्रॉन्झ, २ अल्बिनो), एक एंजल मासा, आणि गप्पी किती ते मोजायचं मी सोडून दिलंय. स्पंज फिल्टर, खाली ती निळी-पांढरी रंगीत खडी. मे महिन्यात पाणी ३२ पर्यंत गेलं होतं, कोरी नुसत्या कोपऱ्यात पडून असायच्या, मला वाटलं आता जातात का राहतात. मग जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या रात्री कामावर जायच्या आधी मी अर्धं पाणी बदललं, गॅलरीत बादल्या भरून ठेवल्या होत्या ते चांगलं गार पाणी होतं, तेच टाकलं. सकाळी साडेसातला घरी येऊन बघतो तर कोरींची नुसती धावपळ, एका मादीच्या मागं दोन-तीन नर, आणि काचेवर बारीक साबुदाण्यासारखे दाणे चिकटलेले. बायको म्हणाली गोगलगायीची अंडी असतील, पुसून टाका. बरं झालं पुसली नाहीत.

आता खरी गोष्ट. पहिल्या वेळी ६० च्या आसपास अंडी, बोटाने अलगद सोडवून आइस्क्रीमच्या एक लिटरच्या डब्यात टाकली, एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड) आणि निळं औषध दोन थेंब. चौथ्या दिवशी ४० एक फुटली. शेपटीवाला ठिपका दिसतो ना तसं, पोटाला पिवळी पिशवी. आईला दाखवलं तर चष्मा लावून अर्धा तास बघत बसली. दुकानदाराला विचारलं खायला काय देऊ, तो म्हणाला उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून द्या, सगळे तेच देतात. दिला. दोन दिवस मस्त, तिसऱ्या दिवशी निम्मी गेली, चौथ्या दिवशी डब्यात हालचालच नाही.

दुसऱ्या वेळी म्हटलं आपण हातच लावायचा नाही, निसर्गावर सोडू. एंजलने संध्याकाळपर्यंत काच चाटूनपुसून साफ केली. तिसऱ्या वेळी (हे मागच्या आठवड्यात) अंडी काढली तर दुसऱ्या दिवशी जवळपास सगळी पांढरीफट आणि वर कापसासारखं.

आता मादी परत फुगलेली दिसतेय. या वेळी तरी २-४ जगवायची आहेत. बलकाने झालं का पाण्याने का औषधाने, काहीच कळंना. जाणकारांनी जरा सांगा.

---

देवळाली_काका

बलक बंद कर. आधी ते.

एक प्रयोग कर, पेलाभर पाण्यात चिमटीभर बलक टाक, रात्रभर ओट्यावर ठेव आणि सकाळी वास घे. मग तुला कळेल की त्या डब्यात पिल्लं कशात बसली होती. बलक वाईट असं नाही, आम्ही पण सुरुवातीला गोल्डफिशच्या पिल्लांना दिलाय, पण ती पिल्लं मधल्या पाण्यात पोहतात आणि आम्ही ती घमेल्यात ठेवायचो. कोरीचं पिल्लू पोट टेकून बुडाशी बसतं. जगातली सगळी घाण बुडाशीच जाते. वरचं पाणी काचेसारखं दिसतं म्हणून आपण म्हणतो पाणी स्वच्छ आहे, आणि खाली ज्या अर्ध्या सेंटीमीटरमध्ये पिल्लू श्वास घेतं तिथं सडलेलं खाणं, त्याच्यावर बुळबुळीत थर, अमोनिया. त्यात एक लिटरचा डबा आणि जूनची गरमी. अमोनियाचं असं आहे की पाणी जेवढं गरम तेवढा तो जास्त मारतो. डबाभर पिल्लं एका रात्रीत जातात ती अशीच.

म्हणून माझं एकच म्हणणं असतं, कोरीची पिल्लं वाढवायची म्हणजे बूड सांभाळायचं. बाकी सगळं नंतर.

मी काय करतो ते सांगतो. पिल्लं फुटली की ५ लिटरच्या चपट्या टबात, खाली वाळू नाही खडी नाही काही नाही, उघडं प्लास्टिक. पाणी मोठ्या टाकीतलंच, ४-५ इंच उंचीचं. एका कोपऱ्यात जुना स्पंज फिल्टर, जो आधी दोन महिने तरी मोठ्या टाकीत चालवलेला आहे, नवीन कोरा नाही, नवीन स्पंजमध्ये अमोनिया खाणारे जिवाणूच नसतात. रोज सकाळी एअरच्या बारीक नळीने तळ ओढून काढायचा (खाली पांढरा मग ठेवायचा, पाण्यासोबत पिल्लं येतातच, मग ड्रॉपरने उचलून परत टाकायची), आणि तळावर बोट फिरवायचं. बोटाला बुळबुळ लागली तर जुन्या मऊ ब्रशने घासून परत ओढायचं. जेवढं काढलं तेवढं मोठ्या टाकीतलं पाणी परत, हळूहळू, नळीला गाठ मारून थेंब थेंब. सोबत ४-५ रामशंख (छोट्या पाणगोगलगायी) टाकून देतो, उरलंसुरलं ते खातात. रामशंख पण घाण करतातच म्हणा, पण सडलेल्या खाण्यापेक्षा शंखाची विष्ठा परवडली.

पिल्लांना पहिले दोन-तीन दिवस पोटाच्या पिशवीवर चालतं, तेव्हा काही म्हणजे काही द्यायचं नाही. तू बहुतेक पहिल्याच दिवशी बलक दिला असणार. पिशवी संपली की आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) ताजी पिल्लं किंवा मायक्रोवर्म (घरी वाढवता येणारे बारीक किडे), दिवसातून दोनदा थोडं थोडं. पोट नारिंगी दिसलं की समजायचं जेवण झालं.

आणि एंजल? एंजल असलेल्या टाकीत अंडी निसर्गावर सोडली म्हणजे मांजराच्या भरवशावर दूध ठेवलं.

तुझं निळं औषध आणि पांढरी अंडी यावर बाई सांगतील, त्यांचा विषय आहे.

---

गंगापूररोड_००७

एवढा खटाटोप कशाला भाऊ, दोन मिसळीच्या पैशात एक कोरी येते. दुकानात जा, घेऊन या, विषय संपला. शिफ्ट करून आल्यावर झोपा जरा.

---

देवळाली_काका

००७, मिसळ पण दुकानातच मिळते तरी घरी रस्सा करतातच ना लोक.

---

बाईंची_प्रयोगशाळा

थर्डशिफ्ट, आधी अभिनंदन, कारण अंडी घालून घेणं हेच बऱ्याच जणांना जमत नाही आणि तुम्ही ते न कळत अगदी शास्त्रशुद्ध केलंत. दक्षिण अमेरिकेत या माशांच्या नद्यांना पाऊस लागला की पाणी एकदम गार आणि पातळ होतं, खाणं वाढतं, तो त्यांचा विणीचा इशारा. उन्हाळ्यानंतर अर्धं पाणी ४-५ डिग्री गार टाकणं म्हणजे त्यांच्यासाठी पावसाळाच. त्यात बाहेर खरा पाऊस, हवेचा दाब कमी झालेला, त्याचाही परिणाम होतो असं बरेच पाळणारे सांगतात आणि माझ्याकडेही सगळ्यात जास्त अंडी जून-जुलैमध्येच पडतात.

आता पांढऱ्या अंड्यांचं. अंडं पांढरं पडतं ते बहुतेक वेळा फळलेलंच नसतं. बुरशी नंतर येते, मेलेल्यावर. मग तीच बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्याला धरते, म्हणून पांढरं दिसलं की लगेच सिरिंजने ओढून काढायचं, हळहळ करायची नाही. फळलेलं अंडं दुसऱ्या दिवशी तपकिरी-करडं होत जातं आणि तिसऱ्या दिवशी मोबाईलचा टॉर्च मागून धरला तर आत डोळे आणि शेपटीची वळवळ दिसते (माझ्या आठवीच्या पोरांना हे दाखवलं त्या दिवसापासून वर्गात मागच्या बाकावरचे पुढं येऊन बसायला लागले).

फळली का नाहीत याचं उत्तर त्यांच्या पद्धतीत आहे. तुम्ही बघितलं असेल, नर आडवा होतो आणि मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते, इंग्रजी टी अक्षरासारखं दिसतं. त्या वेळी मादी शुक्राणू चक्क गिळते. ते तिच्या आतड्यातून काही सेकंदात बाहेर पडतात आणि तिने पोटाखालच्या दोन परांची ओंजळ करून त्यात धरलेल्या अंड्यांवर येतात. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये ब्रॉन्झ कोरीवरच हे दाखवलं, मादीच्या तोंडात निळा रंग सोडला आणि तो कुठून किती वेळात बाहेर येतो ते पाहिलं. तशीच हवा पण हे मासे गिळतात आणि आतड्यातून ऑक्सिजन घेतात, म्हणून कोरी मधेच सुसाट वर जाऊन घोट घेऊन येते, ते आजारपण नाही. पण आतड्यातून असं कामकाज चालतं म्हटल्यावर ज्या दिवशी मादी आणि नर धड खाल्लेले, निरोगी, त्या दिवशीची वीण चांगली. तुमच्या तिसऱ्या वेळी काय झालं असेल, एक तर लागोपाठ विणीमुळे नर दमलेले, किंवा नर अजून लहान. वरून बघा, रुंद गोल दिसतात त्या माद्या, सडपातळ ते नर. एका मादीला दोन नर असतील तर बरं. ६ मध्ये ४ माद्या असतील तर एक-दोन नर अजून आणा. अल्बिनो बहुतेक ब्रॉन्झचाच रंग उडालेला प्रकार असतो, दोघांची वीण होते, काळजी नको.

तुमचं निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, चालेल, पण पाण्याला आभाळाचा फिकट निळा रंग येईल इतकंच. आणि पिल्लं फुटायला लागली की निम्मं-निम्मं पाणी बदलून तो रंग उतरवा. मोठ्या टाकीत मात्र टाकू नका, फिल्टरचे जिवाणू मरतात आणि काचेच्या जोडावरचं सिलिकॉन निळं होतं ते जन्मभर तसंच.

एक टीप फक्त माहितीसाठी, २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या कुळातली बरीच नावं बदललीत. आपण ज्याला ब्रॉन्झ कोरी म्हणतो ती आता कोरिडोरस राहिली नाही, ऑस्टिओगॅस्टर झाली, पांडा आणि स्टरबाय हॉप्लिसोमा झाल्या. दुकानात जाऊन ऑस्टिओगॅस्टर मागू नका, दुकानदार तुम्हाला औषधाच्या दुकानात पाठवेल.

आणि ती रंगीत खडी काढा हो. मोठ्यांच्या मिश्या झिजल्यात का बघा. टोकदार खडी आणि तिच्या फटीत अडकलेलं खाणं, दोन्हीने मिश्या जातात. बारीक धुतलेली नदीची वाळू घाला, मग बघा कशा तोंड खुपसून गाळतात आणि कल्ल्यातून वाळू सोडतात. तेवढ्यासाठी तरी घाला.

---

शेवाळ_पंचवटी

बाईंच्या सगळ्या म्हणण्याला माझं हो आहे पण काकांच्या त्या उघड्या टबाला नाही 😄 हे आमचं जुनं भांडण आहे, नवीन लोकांनी मनावर घेऊ नका.

काका रोज सकाळी उठून ब्रशने तळ घासतात कारण काका रिटायर आहेत. थर्डशिफ्ट भाऊ सकाळी दमून येणार, त्यात हे रोज १५ मिनिटं, एक दिवस चुकलं की खलास. माझी पद्धत आळशी माणसाची आहे. वेगळी दीड फुटाची टाकी, त्यात फक्त कोरी, दुसरा एकही मासा नाही, अर्धी टाकी जावा मॉसने (पाण्यातली शेवाळासारखी वनस्पती) भरलेली आणि खाली एक बोटभर वाळू, वर वाळलेली बदामाची पानं. आपल्या देशी बदामाची, ज्याखाली शाळेत आपण बदाम फोडून खायचो ते झाड, सोसायटीत असतंच. लाल होऊन आपोआप गळलेलं पान घ्यायचं, हिरवं तोडायचं नाही, आणि रस्त्याच्या कडेचं धुरकट पान तर नाहीच. पान पाण्यात कुजायला लागलं की त्यावर जे सूक्ष्म जीव येतात ते पिल्लं टिपत राहतात, आणि पाण्याला चहासारखा रंग येतो त्याने बुरशी पण कमी धरते. कोरी स्वतः पण अंडी खातात, खोटं कशाला बोलू, ६० घातली तर माझ्याकडे १० वाचतात. पण ती १० पिल्लं अशी टणक असतात की नंतर मरत नाहीत, आणि मी काहीच केलेलं नसतं.

काकांना विचारा त्यांचं २०० पिल्लांचं काय झालं होतं.

---

देवळाली_काका

आलाच विषय.

हो गेली. लग्नाला गेलो होतो सिन्नरला, दुपारी लाइट गेली ती रात्री आली, पंप बंद, दोन टबात मिळून दोनशेच्या वर पिल्लं होती तीन आठवड्यांची. घरी आलो तर नुसता वास. त्या दिवसापासून बॅटरीवर चालणारा पंप ठेवलाय, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा येतो तो, आणि आमच्या हिला सांगून ठेवलंय की लाइट गेली तर आधी टब बघ मग इन्व्हर्टर.

पण शेवाळ, ती चूक पंपाची होती, टबाची नाही. आणि तुझी १० म्हणजे खरी ६, मी मोजलीत तुझ्या घरी येऊन.

जाता जाता अजून एक. ००७ म्हणतो दुकानातून आणा, जरूर आणा, पण नर आणताना पिशवी दुहेरी घ्या आणि एका पिशवीत गर्दी करू नका. कोरीच्या पाठीच्या आणि बाजूच्या परांना पुढं काटा असतो, घाबरली की तो ताठ लॉक होतो. मी एकदा कुर्ल्याहून पांडा आणल्या होत्या, पंचवटी एक्स्प्रेसला मांडीवर पिशवी घेऊन बसलो, कसारा घाटात पँट ओली. शेजारचे काका माझ्याकडं असे बघायला लागले की काय सांगू. चहावाल्याकडून पाण्याची बाटली घेऊन, वरचा भाग कापून, त्यात मासे घालून आणले.

---

थर्डशिफ्ट_सातपूर

काका 😂😂 चहावाल्याची बाटली.

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहितील असं वाटलं नव्हतं. हो, बलक मी पहिल्याच दिवशी दिला होता, आणि दिवसातून तीनदा, म्हटलं बाळंतिणीला नाही का जास्त देत. खडी रविवारी काढली, खालून जे काळं पाणी निघालं ते बघून आई म्हणाली हे तुझे मासे यातून जिवंत राहिले हेच खूप. दोघींच्या मिश्या खरंच आखूड झाल्यात, परत येतात का?

अजून दोन-तीन प्रश्न. एक, आर्टेमिया मी एकदा करून बघितला, मीठ पाण्यात टाकून, पण फुटलाच नाही. दोन, मायक्रोवर्म कुठं मिळतो आणि घरात वास येतो का, कारण बायकोने आधीच ताकीद दिलीय. तीन, नळाच्या पाण्याचं काय करू, गंगापूर धरणाचंच पाणी आहे, पण आमच्या बिल्डिंगला दिवसाआड टँकर पण येतो आणि तो बोअरचा असतो.

---

बाईंची_प्रयोगशाळा

मिश्या बुडापासून गेल्या नसतील तर येतात, स्वच्छ वाळूवर. वेळ लागतो.

पाणी: धरणाचं पाणी आपल्या बोअरच्या पाण्यापेक्षा मऊ असतं, आपला सगळा भाग काळ्या बसाल्टचा, त्यात मुरून आलेलं पाणी जड असतं. ब्रॉन्झ कोरी दोन्हीत जगते, पण आज हे उद्या ते असं करू नका, पिल्लांना तो झटका झेपत नाही. नळाचंच पाणी वेगळ्या पिंपात साठवा आणि तेच वापरा. पावसाळ्यात ज्या दिवशी नळाला क्लोरीनचा वास येतो त्या दिवशी जास्तच सांभाळून. उघड्या बादलीत एअर स्टोन लावून २४ तास ठेवा, किंवा हायपोचे खडे मिळतात दुकानात ते वापरा.

आर्टेमियाला खडे मीठ लिटरला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे सपाट, आणि २५ ते २८ डिग्री, खालून जोरात हवा, वर दिवा. बाटली उलटी टांगायची बूच खाली करून. २४ तासांत फुटतो. नाशिकच्या थंडीत तेच ३६-४० तास घेतो कारण आपल्याकडं डिसेंबरात स्वयंपाकघरातलं पाणीच १७-१८ ला येतं. फुटत नाही याचं कारण दहातल्या आठ वेळा जुनी पावडर, म्हणजे त्याची सुकी अंडी. उघडलेली डबी घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवतात, दुकानात मात्र ती उन्हात शोकेसला असते. आणि पिल्लांना द्यायच्या आधी कापडातून गाळून साध्या पाण्याने धुवा, मीठ कोरीला मानवत नाही. टरफलं वर तरंगतात ती पण देऊ नका.

---

शेवाळ_पंचवटी

मायक्रोवर्म माझ्याकडून घ्या. लोक ओट्सवर करतात, मी नागलीच्या पिठाची घट्ट आंबील करतो (मीठ न घालता हां), गार झाल्यावर श्रीखंडाच्या डब्यात बोटभर थर, चिमूटभर यीस्ट आणि वर चमचाभर जुनं कल्चर (विरजणासारखं, आधीच्या डब्यातलं). ३-४ दिवसांत डब्याच्या बाजूंवर चकचकीत जाळी चढते, ती म्हणजे किडे. कापसाच्या काडीने किंवा बोटाने पुसून घ्यायची आणि पिल्लांच्या पाण्यात बुडवायची, झालं. हे किडे बुडाशी जातात आणि बरेच तास जिवंत वळवळत राहतात त्यामुळे पाणी सडत नाही, कोरीला तर एकदम बरोबर. व्हिनेगरचे किडे पण मिळतात पण ते वर मधल्या पाण्यात फिरतात, ते दुसऱ्या पिल्लांना.

वास येतो. खोटं बोलणार नाही. आंबट, शिळ्या ताकासारखा. दोन-तीन आठवड्यांनी वास बदलला की समजायचं कल्चर मेलं, त्याआधीच नवीन डबा लावायचा. वहिनींना सांगा इडलीचं पीठ आहे.

---

नांदूरनाका_मच्छी

मध्येच विचारतो, माझ्याकडं एक सकर आहे, छोटा असताना काच साफ करतो म्हणून घेतला होता, आता फूटभर झालाय आणि रात्री बाकीच्यांना त्रास देतो. रामकुंडाच्या खाली सोडला तर चालेल का? आणि कोरीसारखे आपले मांगूर घरी वाढवता येतात का, दोन्ही कॅटफिशच ना.

---

देवळाली_काका

गोदावरीत अजिबात सोडायचा नाही. एकदा नाही हजारदा सांगून झालंय. तो सकर दक्षिण अमेरिकेतला, इथं त्याला खाणारं कोणी नाही, अंगावर चिलखत, घाण पाण्यात पण जगतो, काठाला बिळं करून अंडी घालतो. जाळ्यात आला की मासेमारांची जाळी फाडतो. आणि इथून सोडलेला तिथंच थोडाच राहणार आहे, खाली जायकवाडीपर्यंत पाणी आहे आणि वाटेत नांदूर मध्यमेश्वर, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. एवढ्या लांबून पक्षी येतात तिथं, आणि आपण काय पाठवतो तर सकर. दुकानात परत दे, फुकट दे, मोठी टाकी असलेला कोणीतरी घेईल, इथंच वेगळी पोस्ट टाक.

मांगूर म्हणजे तो थाई मांगूर म्हणत असशील तर त्याच्या पालनावर बंदी आहे. आफ्रिकेतला मासा, समोर येईल ते खातो. नाव सोड. आपल्याला सहा सेंटीमीटरच्या कोरीच बऱ्या.

---

थर्डशिफ्ट_सातपूर

मंडळी, अपडेट द्यायचा राहिला, तीन आठवडे ओव्हरटाइम चालू होता.

शेवाळ भाऊंकडून पंचवटीतून डबा आणला त्याच आठवड्यात मादीने परत अंडी घातली. या वेळी काकांचा टब आणि शेवाळ भाऊंची बदामाची पानं असं दोन्ही केलंय, म्हणजे दोघांनाही राग येईल 😄 तळ उघडा, वर एकच पान, कोपऱ्यात जुना स्पंज, ५ रामशंख. शिफ्टहून आलो की बूट काढायच्या आधी तळ ओढतो, हिला सांगितलंय की चहा नंतर. आई दुपारी ड्रॉपरने मायक्रोवर्म देते, तिला आता त्या सगळ्यांची पोटं ओळखू येतात म्हणे.

अंडी ७१, त्यातली २० एक पांढरी पडली ती रोज काढली. फुटली ५१. पाचव्या दिवशी, जिथं आधी सगळी जायची, तिथं ४८ होती. मी इतका खूश होऊन कामावर सगळ्यांना फोटो दाखवले, त्यांना फक्त धूळ दिसली.

मग माझ्याच हाताने घोळ. बाराव्या दिवशी पिंपातलं साठवलेलं पाणी संपलं होतं, रविवार, झोप आलेली, म्हटलं एक मग नळाचं टाकून काय होतंय. हायपो पण नाही टाकला. त्या दिवशी नळाला वास येत होता हे नंतर आठवलं. संध्याकाळपर्यंत १९ गेली. बाई, तुम्ही सांगितलेलं होतं, तरी केलं.

आज २३ वा दिवस, २६ आहेत. दोन-तीन बाकीच्यांपेक्षा अगदी बारीक आहेत त्यांचं माहीत नाही. बाकीच्यांना आता मिश्या दिसतात आणि पाठीवरचं पर उभं केलं की एकदम मोठ्या माशासारखी ऐट. अल्बिनो ७ निघाली. मोठ्या टाकीत कधी सोडू? एंजल अजून आहे तिथं.

---

देवळाली_काका

२६ म्हणजे पहिल्या यशस्वी खेपेला उत्तम. माझी पहिली ९ होती.

एंजलच्या तोंडात मावणार नाहीत इतकी होईपर्यंत नाही. सव्वा-दीड इंच होऊ दे, दोन-अडीच महिने लागतील. तोपर्यंत टब मोठा कर, २६ ला ५ लिटर आता पुरणार नाही, १५-२० लिटर कर. आता चार दाणे बुडणारी पेलेट चुरून पण सुरू कर, नुसत्या किड्यांवर ठेवू नको. बारीक आहेत ती तीन वेगळ्या डब्यात, मोठी खातात आणि यांना मिळत नाही एवढंच असतं बऱ्याचदा.

---

बाईंची_प्रयोगशाळा

थंडीच्या आधी मोठी होतील, छान वेळ साधली. ब्रॉन्झला हिवाळ्यात हीटर २३-२४ ला लावून ठेवा. पुढं कधी हीटरशिवाय काही पाळायचं असेल तर पेपर कोरी बघा, ठिपक्याठिपक्यांची असते, तिला १८-२२ चं गार पाणीच आवडतं, आपल्या डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडं तीच वीत असते. हीच ती जिचा नमुना डार्विन बीगल जहाजावरून घेऊन गेला होता आणि १८४२ मध्ये तिचं नाव ठेवलं गेलं. निफाडच्या थंडीत हिचे लाड होतील.

सात अल्बिनोंपैकी दोन मला द्या, शाळेच्या टाकीसाठी. बदल्यात रामशंख देते, हवे तेवढे, म्हणजे खरंच हवे तेवढे.

---

गंगापूररोड_००७

भाऊ, सहा पिल्लं मला पण ठेवा ना. पोरगी मागं लागलीय हा धागा वाचून.

---

देवळाली_काका

दोन मिसळी घेऊन ये.

---

थर्डशिफ्ट_सातपूर

००७ भाऊ नक्की, पण दीड इंच झाल्यावर. तोपर्यंत टाकी सायकल करून ठेवा (म्हणजे फिल्टरमध्ये जिवाणू तयार होऊ द्या), खडी घेऊ नका, वाळू घ्या. बाई, तुमच्या दोन बाजूला काढल्या.

मायक्रोवर्म माझ्याकडं आता तीन डबे झालेत, कोणाला पाहिजे असेल तर येत्या रविवारी सकाळी ९ नंतर, मी शिफ्टहून येऊन तळ साफ केल्यावर. श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन या, झाकणाला सुईने चार भोकं पाडून आणा. आणि फोन करून वर या, बेल वाजवू नका, आमच्या हिला अजून इडलीचं पीठच वाटतंय.